पश्चिम आणि जिहाद (लेखांक ६) : अनबारचे शेख आणि वॉशिंग्टनचा शब्द

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकी मरीन दलाचे गुप्तवार्ता अधिकारी कर्नल पीट डेव्हलिन यांनी इराकच्या अनबार प्रांताविषयी एक गोपनीय अहवाल वरिष्ठांकडे धाडला. प्रांतात सरकार नावाची गोष्ट उरलेली नाही, ती पोकळी अल कायदाने भरून काढली आहे आणि आता नुसत्या सैन्याच्या बळावर काही सावरणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तो फोडला आणि खळबळ माजली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ सप्टेंबर २००८ रोजी, हाच प्रांत अमेरिकनांनी समारंभपूर्वक इराकी सरकारच्या स्वाधीन केला. अल कायदाला तिथून हुसकावण्यात आले होते. आणि जानेवारी २०१४ मध्ये याच प्रांतातल्या फलुजा शहरावर आयसिसचे, म्हणजे त्याच अल कायदाच्या वारसदार संघटनेचे, काळे झेंडे लागले.

मागच्या लेखांकात सोव्हिएत फौजांविरुद्धच्या अफगाण जिहादला पुरवलेल्या पैशाची आणि शस्त्रांची हकीकत आली; आता वळू इराककडे. कट्टर इस्लामवादाशी पाश्चात्त्य देशांनी कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर शोधायला अनबारइतकी बोलकी जागा दुसरी नाही. इथे त्या देशांच्या धोरणाने होण्याजोग्या बहुतेक सगळ्या चुका केल्या, मग एक गोष्ट अचूक केली आणि हातात आलेले यश पुन्हा वाऱ्यावर सोडले.

चुकांपासून सुरुवात करू. अमेरिकी चढाईने सत्तापालट झाल्यावर १२ मे २००३ रोजी पॉल ब्रेमर अमेरिकेचे प्रशासक म्हणून बगदादमध्ये उतरले. चार दिवसांत पहिला हुकूम निघाला : सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतले सगळे सरकारी नोकरीतून बाद. त्यात हजारो शाळामास्तरही सापडले, कारण सद्दामच्या राज्यात बढती हवी तर पक्षाशी निष्ठा दाखवावीच लागे. २३ मेला दुसरा हुकूम : सैन्य बरखास्त. चार लाखांच्या आसपास माणसे एका सहीने घरी बसली. बंदूक चालवण्यापलीकडे दुसरा धंदा न शिकलेले हे लोक उद्यापासून काय खाणार, याचा विचार त्या हुकुमात नव्हता. फलुजात तर त्याआधीच, २८ एप्रिलला, शाळेच्या इमारतीत तळ ठोकलेल्या अमेरिकी सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. आधी आमच्यावर गोळीबार झाला, असे सैनिकांचे म्हणणे होते. ह्यूमन राइट्स वॉचच्या तपासानुसार त्यात १७ जण मारले गेले. शाळा आमच्या मुलांसाठी मोकळी करा, ही लोकांची मागणी होती. वर्षभराने अबू घरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे जगाने पाहिली.

म्हणून जिहादी ही निव्वळ अमेरिकेची पैदास, असे म्हणून मोकळे होणे मात्र खोटेपणाचे ठरेल. इराकमधल्या अल कायदाचा म्होरक्या अबू मुसाब अल झरकावी हा जॉर्डनचा माणूस. त्याची विचारसरणी ब्रेमर यांच्या हुकुमांच्या कितीतरी आधी पक्की झालेली होती. २००४ च्या सुरुवातीला अमेरिकनांच्या हाती लागलेल्या त्याच्या पत्रात शिया मुसलमानांनाच मुख्य शत्रू ठरवून, त्यांच्यावर हल्ले करून यादवी पेटवण्याचा बेत सरळ मांडलेला आहे. २२ फेब्रुवारी २००६ रोजी समारातल्या अल अस्करी या पवित्र दर्ग्याचा सोनेरी घुमट स्फोटाने उडाला आणि बेत तडीस गेला. रोज सकाळी बगदादच्या रस्त्यांवर प्रेते सापडू लागली. ओसामा बिन लादेनचा उजवा हात असलेल्या अयमन अल जवाहिरीलाही हे अति वाटत होते. सामान्य मुसलमान आपल्यापासून तुटेल, असे त्याने २००५ मध्येच झरकावीला लिहून बजावले होते. जिहादी विचार हा अन्यायाची केवळ प्रतिक्रिया असतो, असे मानणाऱ्या युरोपीय उदारमतवाद्यांनी हा पत्रव्यवहार जरूर वाचावा. विचार स्वतंत्रपणे जिवंत असतो आणि त्याला माणसे मात्र अन्यायामुळे मिळतात. धोरणाला या दोन्ही गोष्टींची एकाच वेळी दखल घ्यावी लागते.

जवाहिरीची भीती खरी ठरली ती अनबारमध्ये. युफ्रेटिसच्या काठाने वसलेल्या या वाळवंटी प्रांतात सरकारपेक्षा टोळीचा शब्द मोठा. २००३ नंतर या सुन्नी टोळ्यांनी अल कायदाला आसरा दिला, खांद्याला खांदा लावून अमेरिकनांशी लढाही दिला. मग पाहुणे मालक झाले. अम्मान ते बगदाद हा हमरस्ता अनबारमधून जातो. त्यावरची वाहतूक, जकात आणि तस्करी हे टोळ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न होते. त्यावर अल कायदाने कब्जा केला. शेखांच्या घरातल्या मुली परक्या अमिरांना, म्हणजे अल कायदाच्या सरदारांना, द्याव्यात, अशी जबरदस्ती सुरू झाली. सिगारेट ओढताना सापडलेल्याची बोटे तोडली जाऊ लागली. विरोध करणाऱ्या शेखांचे मुडदे पडू लागले. सीरियाच्या सीमेवरच्या अल काइममध्ये अल्बू महल टोळीने २००५ मध्येच शस्त्र उचलले आणि अमेरिकनांकडे मदत मागितली. ती वेळेवर मिळाली नाही, टोळीला माघार घ्यावी लागली आणि बाकीच्या शेखांनी त्यातून काय बोध घ्यायचा तो घेतला.

२१ ऑगस्ट २००६ रोजी अनबारची राजधानी असलेल्या रमादीजवळच्या जझीरा भागातल्या नव्या पोलीस चौकीवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. चौकीतले पोलीस मेले, भाजले. जे वाचले त्यांना अमेरिकनांनी जवळच्या तळावर आसरा देऊ केला. त्यांनी तो नाकारला, फाटका झेंडा पुन्हा काठीवर चढवला आणि त्याच दिवशी गस्तीला बाहेर पडले. हे सगळे स्थानिक सुन्नी तरुण होते. त्याच दिवशी अल कायदाने शेख अबू अली जासिम यांना ठार केले. पोलीस भरतीसाठी आपल्या टोळीतली मुले त्यांनी पाठवली होती, हा त्यांचा गुन्हा. मारेकऱ्यांनी मृतदेह घरच्यांना दिला नाही, रानात लपवला. तो चार दिवसांनी सापडला. इस्लाममध्ये दफनाला विलंब करू नये, हा दंडक लहान पोरालाही ठाऊक असतो. इस्लामचे राज्य आणायला निघालेल्यांनी एका शेखाच्या मातीलाही मान दिला नाही, ही गोष्ट युफ्रेटिसच्या काठाने गावोगाव पोचली.

काही दिवसांतच, सप्टेंबरमध्ये, पस्तिशीतले शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांनी रमादीतल्या आपल्या घरी टोळ्यांची बैठक बोलावली आणि अल कायदाविरुद्ध उठाव जाहीर केला. ‘सहवा’, म्हणजे जागृती, या नावाने तो ओळखला गेला. सत्तार काही संतपुरुष नव्हते. तस्करीचे आणि हमरस्त्यावरच्या लुटीचे आरोप त्यांच्यावर होते, मोठ्या शेखांच्या तुलनेत त्यांचे घराणे धाकटे होते. त्यांचे वडील आणि भाऊ अल कायदाने मारले होते. बैठकीला हजर असलेले अमेरिकी ब्रिगेड कमांडर कर्नल शॉन मॅकफार्लंड यांच्यापुढे प्रश्न होता : या माणसाचा हात धरायचा का?

त्यांनी धरला. या निर्णयामागे कॅप्टन ट्रॅव्हिस पॅट्रिक्विन या तरुण अधिकाऱ्याची मेहनत होती. अस्खलित अरबी बोलणारे पॅट्रिक्विन तासन्‌तास शेखांच्या दिवाणखान्यात चहा पीत बसत, मिशा राखत. वरिष्ठांना आणि नव्या सैनिकांना समजावे म्हणून त्यांनी काडीच्या माणसांची चित्रे काढून एक सादरीकरण केले होते. त्यात जो नावाचा एक अमेरिकी सैनिक आहे. कोण चांगला, कोण वाईट हे त्याला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. शेखाला ते ओळखता येते, कारण तो इथेच जन्मला. मग शेखाशी बोला, त्याची माणसे पोलिसात घ्या, त्यांना त्यांच्याच गावात नेमा. एवढेच त्या चित्रांचे सांगणे. पहिल्या दिवसापासून असे वागलो असतो तर जो केव्हाच घरी परतला असता, असा त्यात सूर आहे. ६ डिसेंबर २००६ रोजी रमादीत रस्त्याकडेच्या बॉम्बने पॅट्रिक्विन यांचा बळी घेतला. त्यांच्या शोकसभेला शेख मंडळी आली. पुढे एका पोलीस चौकीला त्यांचे नाव देण्यात आले.

त्या काडीच्या माणसांमध्ये जे होते ते वॉशिंग्टनमधल्या जाडजूड धोरणपत्रांत नव्हते. मॅकफार्लंड यांनी शेखांकडे लोकशाहीवर निष्ठेची शपथ मागितली नाही, इस्लामच्या सुधारणेवर व्याख्यान दिले नाही. मोठ्या तळाच्या भिंतीआड बसण्याऐवजी त्यांनी शहराच्या मोहल्ल्यांत छोट्या चौक्या उघडल्या. भरतीला आलेल्या तरुणाच्या घरावर रात्री हल्ला झाला, तर मदत पाच मिनिटांच्या अंतरावर असेल, ही हमी त्यातून मिळाली. २००७ मध्ये जनरल डेव्हिड पेट्रेयस यांच्या नेतृत्वाखाली जादा फौज आली आणि हाच कित्ता इतर प्रांतांत गिरवला गेला. ‘इराकचे सुपुत्र’ या नावाने सुमारे १ लाख माणसे, बहुतांश सुन्नी, महिना ३०० डॉलरच्या आसपास पगारावर पहाऱ्याला उभी राहिली. अल कायदाने १३ सप्टेंबर २००७ रोजी शेख सत्तार यांना बॉम्बने उडवले. दहाच दिवसांपूर्वी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अनबारमध्ये त्यांची भेट घेतली होती. तरीही उठाव थांबला नाही.

हा विकतचा विजय होता, असे टीकाकार म्हणतात. पैसा होता, हे खरेच. परंतु उठाव झाला तेव्हा पगाराची ती व्यवस्था उभीही राहिली नव्हती. चौकीतले भाजलेले पोलीस झेंडा चढवत होते ते काही ३०० डॉलरसाठी नव्हे.

खरा घोटाळा झाला तो पुढे. या लाखभर माणसांना शब्द दिला गेला होता : पाचातल्या एकाला सैन्यात किंवा पोलिसात घेऊ, उरलेल्यांना दुसरी सरकारी नोकरी किंवा धंद्याचे शिक्षण देऊ. ऑक्टोबर २००८ पासून त्यांची जबाबदारी पंतप्रधान नुरी अल मलिकी यांच्या सरकारकडे गेली. शिया पक्षांच्या या सरकारला हे सशस्त्र सुन्नी नकोच होते. पगार रखडू लागले, नेमणुका लांबल्या, काही म्होरक्यांवर जुने गुन्हे उकरून अटक वॉरंट निघाली. मार्च २०१० च्या निवडणुकीत सुन्नींनी बंदूक बाजूला ठेवून भरभरून मतदान केले. अयाद अल्लावी यांच्या आघाडीला ९१ जागा मिळाल्या, मलिकी यांच्या आघाडीला ८९. सरकार मात्र मलिकी यांचेच बनले आणि वॉशिंग्टनने त्याला पाठिंबा दिला. १२ डिसेंबर २०११ रोजी बराक ओबामा यांनी व्हाइट हाउसमध्ये मलिकी यांचे कौतुकाने स्वागत केले. त्याच आठवड्यात शेवटची अमेरिकी तुकडी इराकबाहेर पडली. १९ डिसेंबरला उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल हाशिमी या सर्वात बड्या सुन्नी नेत्यांपैकी एकाच्या नावाने अटक वॉरंट निघाले.

अमेरिकेने कायम इराकमध्ये राहायला हवे होते काय? तसे कोणी म्हणू नये. माघारीची मुदत बुश यांनीच २००८ च्या करारात मान्य केली होती आणि इराकी जनतेलाही फौजा नकोच होत्या. मुद्दा निराळा आहे. फौजा गेल्या तरी शस्त्रविक्री चालू राहिली, राजनैतिक वजन होते. सहवाच्या माणसांना दिलेला शब्द पाळा, मग विमाने घ्या, असे ठणकावून सांगणे शक्य होते. ते सांगितले गेले नाही. अनबारमध्ये सुन्नींचे धरणे सुरू झाले, एप्रिल २०१३ मध्ये हविजात सरकारी फौजांनी निदर्शकांच्या तळावर हल्ला चढवून अनेकांना मारले, डिसेंबरअखेर रमादीतला तळही उठवला. काही दिवसांत आयसिस फलुजात शिरली. १० जून २०१४ रोजी मोसुल पडले. या संघटनेच्या बांधणीत सद्दामच्या सैन्यातले बडतर्फ अधिकारी होते. त्यातला हाजी बक्र हा पूर्वीचा कर्नल तर तिचा मुख्य आखणीकार मानला जातो. म्होरक्या अबू बक्र अल बगदादी २००४ मध्ये अमेरिकनांच्या बुक्का छावणीत कैदी होता. आयसिसच्या मारेकऱ्यांनी सहवाची माणसे हेरून, एकेक करून संपवली. हीत भागातल्या अल्बू निम्र टोळीने सरकारच्या बाजूने झुंज दिली. २०१४ च्या शरदात तिची शेकडो माणसे ओळीत उभी करून मारली गेली. त्यांनी शस्त्रे आणि दारूगोळा मागितला होता. तो पोचला नव्हता.

याची झळ इराकपुरती राहिली नाही. इराकवरील चढाईने ब्रिटनमधल्या मुस्लिम तरुणांच्या एका पिढीतल्या काहींना कट्टरतेकडे ढकलले, अशी साक्ष ब्रिटिश गुप्तचर संस्था एमआय-५ च्या माजी प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी २०१० मध्ये चौकशी समितीपुढे दिली. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तिथून आयसिसकडे सटकले. ब्रेमर यांनी त्यांचे काहीच बिघडवले नव्हते. त्यांना ओढून नेले ते विचाराने आणि मोबाइलवरच्या चित्रफितींनी. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या मुस्लिम कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने हजारहून अधिक भारतीय उलेमांनी आयसिसविरोधी फतव्यावर सह्या केल्या. त्यासाठी कोणा परराष्ट्र खात्याने त्यांना सांगावे लागले नव्हते. या विचाराला धर्माच्या भाषेत उत्तर द्यायचा अधिकार त्याच समाजातल्या माणसांचा आहे आणि तेच ते परिणामकारकपणे देतात. पाश्चात्त्य सरकारांनी त्यात नाक खुपसले की हे उलेमा परक्यांचे हस्तक ठरतात.

त्यामुळे या लेखमालेला उमगलेले धोरण रमादीतल्या उठावाच्या पहिल्या दोन वर्षांच्या जवळचे आहे. जिहादी सगळ्यात आधी ज्याला मारतो, तो त्याचा मुसलमान शेजारी. या शेजाऱ्याला शोधावे, त्याच्या घराला संरक्षण द्यावे, त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेऊ नये आणि लढाई जिंकल्यानंतरची किमान दहा वर्षे त्याच्या नोकरीची, मताची, तुरुंगातल्या पोराच्या खटल्याची काळजी तितक्याच चिकाटीने वाहावी. यातला शेवटचा भाग महागडा आणि कंटाळवाणा असतो, टीव्हीवर दिसत नाही, म्हणून मतदारांना विकता येत नाही. मोसुल परत घेण्यासाठी ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ अशी नऊ महिने गल्लोगल्ली लढाई झाली, जुने शहर ढिगाऱ्यात गेले आणि हजारो नागरिक मेले. मलिकी यांच्यावर २०११ मध्ये दबाव आणण्याचा खर्च या हिशेबात किती निघाला असता, याचा विचार अमेरिकी काँग्रेसने करायला हवा होता.

शेजाऱ्याला साथ द्यायची, हे झाले. पण कालचा जिहादीच उद्या शेजारच्या देशाचा प्रमुख झाला तर? इराकमध्ये अल कायदाकडून लढलेले, अमेरिकनांच्या कैदेत वर्षे काढलेले आणि पुढे सीरियात अल कायदाची नुसरा आघाडी स्थापन केलेले अहमद अल शरा डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसचे सत्ताधीश झाले. १४ मे २०२५ रोजी रियाधमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. त्यांच्यावर लावलेले १ कोटी डॉलरचे इनाम त्याआधी पाच महिनेच रद्द झाले होते. पुढचा लेखांक दमास्कसविषयी.