पगार मुंबईचा की शिल्लक कोलकात्याची?

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. मुंबईहून नोकरीचे पत्र येते, पगार आताच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "संधी आली आहे, सोडू नका." दुसरा म्हणतो, "तिथलं भाडं ऐकलंत का?" दोघांचेही खरे असते. म्हणून निर्णय आवाजावर न सोडता कागदावर आणावा. तो कसा आणायचा, ते या लेखात पाहू.

शहर महाग का असते?

समुद्राकाठची किंवा बंदराभोवती वाढलेली शहरे महाग असण्याचे पहिले कारण म्हणजे जागा. मुंबईला तीन बाजूंनी पाणी आहे. शहर वाढले ते मुख्यतः उत्तरेकडे, रेल्वेच्या रुळांना धरून. काम मिळते म्हणून माणसे येत राहतात, जमीन मात्र तेवढीच राहते. कोलकाताही बंदराचेच शहर, पण ते हुगळीच्या काठावर वसले आहे. नदीपलीकडे हावडा आणि पूर्वेला सॉल्ट लेक, न्यू टाऊन अशी वाढायला त्याला जागा मिळाली. त्यामुळे दोन्ही महानगरे असली तरी साधारण नोकरदाराला कोलकात्यात घर स्वस्तात मिळते.

याचा अर्थ असा की दोन शहरांतला फरक सगळ्याच खर्चांत सारखा नसतो. मोबाइलचे रिचार्ज, कपडे, औषधे, रेल्वेचे तिकीट यांचे दर जवळपास सगळीकडे तेच. भाजी-मासळीत थोडा फरक पडतो. घरभाड्यात मात्र दुपटीचा फरक पडू शकतो. हिशोबाची सुरुवात म्हणूनच भाड्यापासून करावी.

भत्ता सारखा, भाडे वेगळे

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत आणि मुंबई व कोलकाता दोन्ही एकाच, म्हणजे 'एक्स' वर्गात येतात. १ जानेवारी २०२४ पासून या वर्गासाठी भत्त्याचा दर मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला. मूळ वेतन ३५,४०० रुपये असेल तर या दराने भत्ता १०,६२० रुपये होतो, मुंबईतही आणि कोलकात्यातही. कोलकात्यात एवढ्यात भाड्याचा बराच भाग निघेल. मुंबईत तो किती पुरेल, हे तिथे भाडे भरणाऱ्या कोणालाही विचारा. सरकारी निवासस्थान मिळणार असेल तर चित्र बदलते. म्हणून बदली स्वीकारण्याआधी पहिली चौकशी निवासस्थानाची करावी.

एका घराचा हिशोब

समजा, आई-वडील आणि एक शाळकरी मूल असे तिघांचे कुटुंब आहे. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. त्यांच्या जागी आपल्या घराचे आकडे घाला.

कोलकात्यात, हातात येणारा पगार ४२,००० रुपये:
- घरभाडे: १०,०००
- किराणा, भाजी, दूध, गॅस: ११,०००
- प्रवास: १,५००
- शाळा व शिकवणी: ४,०००
- वीज, फोन, औषधे: ४,५००
- सण, पाहुणे, इतर: ३,०००
- एकूण खर्च ३४,०००, शिल्लक ८,०००

मुंबईत, हातात येणारा पगार ५६,००० रुपये:
- घरभाडे: २२,०००
- किराणा, भाजी, दूध, गॅस: १३,०००
- प्रवास: २,५००
- शाळा व शिकवणी: ६,०००
- वीज, फोन, औषधे: ४,५००
- सण, पाहुणे, इतर: ४,०००
- एकूण खर्च ५२,०००, शिल्लक ४,०००

पगार १४,००० रुपयांनी वाढला आणि शिल्लक निम्मी झाली. दर महिन्याला ४,००० रुपये कमी, म्हणजे दहा वर्षांत व्याज न धरताही ४,८०,००० रुपयांची तूट. पगाराच्या पत्रावर हा आकडा कुठेच छापलेला नसतो.

बरोबरीचा पगार काढा

मोलभाव करताना "थोडे वाढवून द्या" असे म्हणण्यापेक्षा आपला नेमका आकडा ठाऊक असावा. रीत सोपी आहे:

*नव्या शहरातला खर्च + आजची शिल्लक = बरोबरीचा पगार*

आपल्या उदाहरणात ५२,००० + ८,००० = ६०,००० रुपये. हातात येणारा पगार यापेक्षा कमी असेल तर बचतीच्या दृष्टीने आपण मागे जातो. 'हातात येणारा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वार्षिक पॅकेजचा आकडा बाराने भागून फसू नका. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, आयकर आणि व्यवसाय कर वजा व्हायचा असतो.

एकदाच होणारा खर्च

शहर बदलायलाही पैसे लागतात. समजा सामान नेण्यास ३०,००० आणि दलालीस २२,००० लागले, तर ५२,००० रुपये गेले ते गेलेच. याशिवाय घरमालकाकडे ठेवायची अनामत रक्कम असते. ती घर सोडताना परत मिळते, पण तोवर तिच्यावर व्याज मिळत नाही. शाळेचा नवा प्रवेशही यातच धरा.

आता पगार ६४,००० मिळाला असे धरू. शिल्लक १२,००० होईल, म्हणजे आजच्यापेक्षा ४,००० जास्त. पण आधी गेलेले ५२,००० भरून यायला १३ महिने लागतील. वर्षभरातच परत फिरावे लागले तर हा सौदा तोट्याचा ठरतो. घराचा करार अनेकदा अकरा महिन्यांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी भाडे किती वाढणार, हे आधीच करारात लिहून घ्या आणि कराराची नोंदणी करा.

अडीअडचणीचा पैसा छोटा होतो

हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आपल्याकडे अडचणीसाठी २,०४,००० रुपये बाजूला ठेवलेले आहेत असे समजा. महिन्याला ३४,००० खर्च असलेल्या कोलकात्याच्या घरात ते सहा महिने पुरतात. ५२,००० खर्च असलेल्या मुंबईच्या घरात तेच पैसे चार महिनेही पुरत नाहीत. खात्यातला एक रुपयाही कमी झालेला नाही, तरी घराचा आधार कमी झाला. मुंबईत सहा महिन्यांची सोय ठेवायची तर ३,१२,००० रुपये हवेत. म्हणून अनामत रकमेसाठी हा पैसा मोडू नका. ती रक्कम मालकाकडून आगाऊ मिळते का ते विचारा, किंवा जाण्याआधी वेगळी साठवा.

मग मुंबईला जाऊच नये का?

असे मुळीच नाही. महाग शहराचे जास्तीचे भाडे म्हणजे एका अर्थी संधीची किंमत असते. ती संधी आपल्या घराला खरोखर मिळणार असेल, तर किंमत मोजणे शहाणपणाचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी माणसे देशभरच्या सराफ बाजारांत गेली, ती याच हिशोबाने. शहर स्वस्त की महाग यापेक्षा तिथे काम किती आणि घरी किती पाठवता येईल, हे त्यांनी पाहिले.

पुढील गोष्टी असतील तर महाग शहर परवडू शकते:

- दुसरा पगार. पत्नीला किंवा पतीलाही तिथे काम मिळणार असेल तर भाडे दोघांत वाटले जाते. समजा, १८,००० रुपयांची नोकरी मिळाली आणि प्रवास व पाळणाघरासाठी ६,५०० गेले, तरी ११,५०० उरतात. ४,००० ची शिल्लक १५,५०० होते. महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत मासिक पगार असलेल्या महिलांना व्यवसाय करही नाही.
- पुढची पायरी. त्याच क्षेत्रात अनेक कंपन्या असतील, तर दोन-तीन वर्षांत पगार वाढण्याची शक्यता जास्त. मात्र ती शक्यता आहे, खात्री नाही. आजचा खर्च तिच्या भरवशावर करू नका.
- राहण्याची सोय. गावचे, नात्यातले घर असेल तर हिशोबातला सर्वांत मोठा आकडाच गळून पडतो.

पैशात न मोजता येणारे

प्रवासाचा वेळ मोजा. जाता-येता मिळून रोज दोन तास जास्त गेले, तर २५ दिवसांत ५० तास होतात, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. कोलकात्यात कुटुंबाभोवती जमलेली माणसे हीसुद्धा ठेवच आहे: मुलाला सांभाळणारी शेजारीण, ओळखीचा डॉक्टर, उधारीवर सामान देणारा दुकानदार, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातला गणपती. उलट, आई-वडील महाराष्ट्रात एकटे असतील तर त्यांच्या जवळ जाण्याचे मोलही तितकेच मोठे आहे. हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे.

जाण्याआधी करायची कामे

१. तीन महिन्यांचा खरा खर्च लिहून काढा. अंदाजावर जाऊ नका.
२. नव्या शहरातले भाडे कार्यालयापासूनच्या अंतरासह, प्रत्यक्ष राहणाऱ्या दोघा-तिघांना विचारा.
३. बरोबरीचा पगार काढून मगच होकार द्या.
४. शक्य असल्यास पहिले तीन महिने एकट्याने जा. शाळेचे वर्ष संपल्यावर कुटुंब न्या.
५. मुदत ठेव मोडू नका. पीपीएफ खाते दुसऱ्या शाखेत हलवता येते. सरकारी अल्पबचत योजनांचे व्याजदर दोन्ही शहरांत एकच असतात.

शेवटची ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्याज पगारावर मिळत नाही, शिलकीवर मिळते. म्हणून नोकरीचे पत्र हातात आले की आधी पेन हातात घ्या. होकार किंवा नकार त्यानंतर.