मळीतलं यीस्ट : साखर पाहून वागणारा कामगार

ऊस काट्यावर गेला की आपलं लक्ष टनेजवर, मग उताऱ्यावर. मळीचं पुढं काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. डिस्टिलरीत मळीचं अल्कोहोल करतं ते यीस्ट, आणि त्याची तऱ्हा जाणून घेण्यासारखी आहे.

यीस्टच्या पेशीत तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांचा आतला पडदा म्हणजे पेशीचं बॉयलर हाऊसच म्हणा ना. या पडद्यात बसलेली प्रथिनं प्राणवायूवर अन्न जाळून भरपूर शक्ती काढतात. पण साखर मुबलक मिळाली की यीस्ट ही प्रथिनं फारशी बनवतच नाही, हवा असली तरीसुद्धा! साखर अर्धवट मोडून अल्कोहोल बाहेर टाकतं. त्यात शक्ती थोडी मिळते, पण काम झटपट होतं. हिशेबानं 100 किलो ग्लुकोजचं जास्तीत जास्त 51 किलो अल्कोहोल होतं. बाकीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

पडद्यातली बहुतेक प्रथिनं पेशीत बाहेर तयार होऊन कणिकेत शिरतात. त्यांना आत घ्यायला बाहेरच्या पडद्यावर गेटमन आहेत, तेही प्रथिनंच. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी 2011 साली दाखवून दिलं, की साखर भरपूर असताना टॉम-70 नावाच्या गेटमनवर फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि त्याचं काम मंदावतं. म्हणजे माल कमी बनतो आणि बनलेला गेटवर अडतो. गाळप हंगामात हे दृश्य आपल्याला नवं नाही!

पावाचं यीस्ट करणारे याच्या उलट चालतात. मळी तीच, पण ती थोडी थोडी सोडायची आणि हवा भरपूर द्यायची. साखर साचत नाही, पडद्यातली प्रथिनं वाढतात आणि अल्कोहोलऐवजी यीस्टच वाढतं. डिस्टिलरीत सुरुवातीला यीस्ट वाढवताना हवा देतात ती याचसाठी. पुढं मोठ्या टाकीत ती नको असते.

यीस्टची खरी खोड साखर संपल्यावर दिसते. हवा मिळाली तर गेट मोकळं होतं, बॉयलर हाऊस पुन्हा उभं राहतं आणि आपणच केलेलं अल्कोहोल यीस्ट खायला लागतं. आंबवण पुरी झालेली टाकी उघड्या हवेत रेंगाळत ठेवायची नाही, लगेच ऊर्ध्वपातनाला घ्यायची, ती याचमुळं. नाहीतर टाकीत जंतू माजतात ते वेगळंच.