पटावरची धूसर सीमारेषा

बुद्धिबळाच्या डावाचे आरंभ, मध्य आणि अंत असे तीन टप्पे आपण सोयीसाठी पाडतो. मध्यात राजाने प्याद्यांच्या आड राहावे आणि मोहरी थोडी उरली म्हणजे पटाच्या मध्याकडे चालून यावे, हे प्रत्येक कसलेला खेळाडू जाणतो. परंतु मध्य संपून अंत नेमका कोणत्या खेळीला सुरू झाला, हे त्यालाही सांगता यावयाचे नाही.

संगणकाला मात्र सारे आकड्यांत सांगावे लागते. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची रूपरेषा मांडली. तीत वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोडा यांना ३ आणि प्याद्याला १ असे मोल होते. मोहऱ्यांचे मोल ठरले. पण टप्पा कसा मोजावा? 'इतकी मोहरी उरली की अंत' अशी रेघ ओढली, तर एका मारामारीसरशी राजाची वाईट जागा चांगली ठरते. त्या लाभाच्या लोभाने यंत्र नको ती मारामारी करते, किंवा हानीच्या भयाने हवी ती टाळते.

१९६५ साली बर्कले येथील लॉटफी झादे यांनी 'फझी' संचांची कल्पना मांडली. एखादी गोष्ट संचात आहे की नाही, एवढेच न विचारता ती किती अंशाने आहे, हे ० ते १ यांमधील आकड्याने सांगावयाचे. समजा, डाव ०.६ मध्य आणि ०.४ अंत आहे. पटाच्या मध्यावरील राजाला मध्यात उणे ५० आणि अंतात अधिक ३० गुण असतील, तर बेरीज उणे १८ होते. मोहरी घटून हेच अंश ०.२ व ०.८ झाले, की ती अधिक १४ होते. कड्याच्या जागी उतार आला.

पत्रद्वारा बुद्धिबळाचे एके काळचे जगज्जेते हान्स बर्लिनर यांनी याच विचाराने आपला बॅकगॅमनचा कार्यक्रम सुधारला. १९७९ साली त्याने जगज्जेते लुइजी व्हिला यांना ७-१ असे हरविले. अर्थात फासेही त्याला अनुकूल पडले होते. पुढे बुद्धिबळाच्या कार्यक्रमांतही असे अंशात्मक मोजमाप रूढ झाले. स्टॉकफिशसारखा कार्यक्रम २०२० पासून मूल्यमापनासाठी शिकविलेल्या जाळ्याचा आधार घेऊ लागला.

शासनाच्या कामात हा प्रश्न मला नित्य भेटतो. उत्पन्नाची मर्यादा एका रुपयाने ओलांडणाऱ्याची सवलत सर्वस्वी जाते. रेघ ओढल्याने पक्षपात टळतो, हे खरे. पण उतारही सर्वांना सारखाच लागू करता येतो. अंशाने मोजणे म्हणजे ढिलाई नव्हे. ते अधिक बारकाईचे मोजमाप होय.