व्हॅनमधला फ्रिज रात्रीच का बंद पडतो? (एपिसोडचं लेखी रूप)

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर हे वाचा. आज कोडिंग नाही, वायरिंग.

गेल्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन चंद्रपूरहून हेमलकशाला निघालो. आमची जुनी ईको मी घरीच सजवलीये. सीटवर उघडणारा प्लायवूडचा बेड, पुढच्या सीटखाली वेगळी १२ व्होल्टची बॅटरी आणि डिक्कीत छोटा कॉम्प्रेसर फ्रिज. हा फ्रिज कोल्ड्रिंकसाठी नव्हता हां. त्यात आईचं इन्सुलिन होतं.

दिवसभर फ्रिज मस्त चालला. रात्री आलापल्लीला मामांच्या अंगणात गाडी लावली. पहाटे बघतो तर फ्रिज बंद, आत सगळं कोमट. बॅटरी मोजली, १२.३ व्होल्ट. फ्रिजच्या प्लगपाशी मोजलं, तिथेही १२.३. मग बिघाड कुठे?

इथेच मी फसलो. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज ड्रॉप दिसतच नाही. फ्रिज चालू करून, कॉम्प्रेसर ओढ घेत असताना प्लगपाशी पुन्हा मोजलं. आकडा थेट ११ च्या आसपास! एवढ्यावर फ्रिज बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो. दिवसा इंजिन चालू असताना बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणून चूक झाकली गेली होती.

चूक माझीच. घरातली उरलेली १ स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. हिशोब सोपा आहे. बॅटरी ते डिक्की ५ मीटर, जाऊन-येऊन १०. एवढ्या तांब्याच्या वायरचा रोध साधारण ०.१७ ओहम. ५ अँपिअर वाहिले की ०.८६ व्होल्ट वायरमध्येच गेले, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त. तीच वायर ४ स्क्वेअर एमएमची घेतली तर तोटा फक्त ०.२ व्होल्ट.

दुसरी चूक याहून वाईट. फ्यूज मी फ्रिजजवळ लावला होता. मध्येच वायर पत्र्यावर घासून शॉर्ट झाली असती, तर फ्यूजला कळलंही नसतं आणि वायर पेटली असती. मे महिना, जंगलात सगळीकडे वाळला पाचोळा. विचार करा. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा, आणि तो वायरला झेपेल एवढाच हवा. मी १५ अँपिअरचा लावला.

बाबा म्हणाले, "तुझा फ्रिज राहू दे बाबू, आधी मडकं वल्लं कर." रात्रीच्या इन्सुलिनची खात्री नव्हती, म्हणून सकाळी मेडिकलमधून नवीन घेतलं. ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवलं, वरून ओलं फडकं. कोरड्या उन्हाळ्यात पाणी उडतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. फ्रिजएवढं थंड नाही होत, पण वायर बदलेपर्यंत निभावलं.

जाता जाता एक. सीट काढून टाकणं, गाडीच्या मूळ रचनेत बदल करणं, यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. म्हणून माझा बेड उचलून बाहेर ठेवता येतो.

तुमच्या गाडीत असं काही जोडलं असेल, तर आज रात्री इंजिन बंद करून, लोड चालू ठेवून दोन्ही टोकांना मोजा. किती फरक आला ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू!