हौसेचे खळे

माणसाला छंद कोणता जडेल याचा काही नेम नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. कुणी गुलाबाच्या कलमांवर पोटच्या पोरांहून अधिक जीव लावतो. दशावताराच्या मंडळीमागे गावोगाव रात्री जागवीत फिरणारे रसिक तर आमच्या सिंधुदुर्गात वाडीवाडीला सापडतात. या साऱ्या छंदांना समाजात मान आहे. पण ‘मी स्वतःची एक वेबसाइट चालवते’ असे म्हटले, की ऐकणारा प्रथम आदराने पाहतो, मग संशयाने आणि शेवटी चक्क कीव करतो. आदर अशासाठी, की यंत्रातले काहीतरी अवघड आहे. संशय अशासाठी, की बाई काही विकते आहे. आणि कीव अशासाठी, की बाई काहीच विकत नाही!

आमच्या शेजारच्या तात्यांनी हा प्रश्न अगदी मुळाशी जाऊन विचारला.

“काय गो बाय, ह्याच्यात तुका पैसे किती मिळतत?”

“मिळणत नाय तात्यानू. उलट माकाच भरुक लागतत.”

“मगे ह्या सगळा कित्याक करतंस?”

‘कित्याक’ हा मालवणीतला मोठा बिकट शब्द आहे. भल्याभल्या तत्त्वज्ञांना त्याने निरुत्तर केले असेल. तिथे माझी काय कथा? पण शिक्षकी पेशाला एक खोड असते. प्रश्न सुटला नाही तरी त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. आमच्याकडे घरापुढच्या अंगणाला ‘खळे’ म्हणतात. पावसाळ्यात त्याची पार दैना होते. पाऊस सरला, की माती घालून, पाणी मारून, चोपून ते पुन्हा सारखे करायचे, शेणाने सारवायचे आणि वर झापांचा माटव घालायचा. मग दिवाळीपासून उन्हाळाभर त्या खळ्यात सारे काही चालते. भात वाळते, सोले सुकतात, पोरे खेळतात, आणि वाटेने जाणारा माणूस सहज टेकून दोन गोष्टी बोलून जातो. माझी वेबसाइट हे असेच एक खळे आहे. फरक इतकाच, की ते घरापुढे नाही. कुठल्या तरी दूर देशातल्या एका यंत्रावर आहे. त्या यंत्रातल्या जागेचे भाडे आणि दारावरच्या नावाच्या पाटीचे भाडे मिळून वर्षाला मला तीन-चार हजार रुपये पडतात. एवढ्यात हल्ली हापूसच्या दोनतीन पेट्याही नीट येत नाहीत.

पाने बांधण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. मजकूर लिहायचा आणि कोनदार कंसांतल्या खुणांनी सांगायचे, की इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे चित्र. टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ही कल्पना मांडली, आणि 1993 मध्ये त्या संस्थेने ती सर्वांसाठी मोफत खुली केली. म्हणून तर मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका मराठीच्या प्राध्यापिकेला कुणाचीही परवानगी न घेता आपले खळे सारवता येते.

खरी अडचण होती लिपीची. आरंभीच्या काळात मराठीचा प्रत्येक टंक स्वतंत्र संस्थान होता. एका टंकात लिहिलेले पत्र तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडले, की अक्षरांऐवजी भुताटकी दिसे. 1991 मध्ये ‘युनिकोड’ ही जगातल्या लिप्यांची सामाईक व्यवस्था आली आणि तीत देवनागरी पहिल्यापासून होती. पण ती सामान्यांच्या यंत्रांपर्यंत पोचायला आणखी दहाएक वर्षे गेली. तीत आम्हां किनारपट्टीच्या लोकांना एका अक्षराचे फार महत्त्व. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. एका रफारात आणि एका आडव्या फटकाऱ्यात सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्याएवढे अंतर! त्या फटकाऱ्याच्या ‘ऱ’ला युनिकोडमध्ये वेगळा क्रमांक आहे, हे कळले तेव्हा मला एखादी परप्रांतीय सून सासरच्या सगळ्या मंडळींची नावे बिनचूक घेते आहे, असे वाटले.

माझ्या खळ्यात वाळत काय घातले आहे? तर शब्द, रीती आणि हिशेब. गडगो, व्हाळ, सडो, मांगर. रापणीतली कामे आणि वाटे. माटवीला बांधायच्या फळाफुलांची यादी. घावणे आणि तवसोळी. भरतीच्या हिशेबाचे एक पानही आहे. जुनी माणसे भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगत. तिथीची पाऊणपट केली, की भरतीचा सुमार निघतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. यामागे कारण आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत चंद्र पुन्हा सूर्याला गाठतो, तेवढ्यात तीस तिथी होतात. चोवीस तासांना तीसाने भागले, की तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर दोन घटका उशीर येतो. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. मधली तीन मिनिटे तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी सोडून दिलेली! हिशेब मोघम आहे. बंदराबंदराला वेळ मागेपुढे होते. पण पूर्णिमा-अमावास्येचे ‘उधाण’ आणि अष्टमीचा ‘भांग’ हे दोन शब्द ज्याच्या कानावरून गेले आहेत, तो दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे ओहोटीला चालत निघताना परतीचा विचार आधी करील.

हे सारे कोशांत नाही का? पुष्कळसे आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवले आहेत, आणि माझा त्यांच्याविना एक दिवस जात नाही. पण कोशात शब्दाचा अर्थ मिळतो. तो शब्द कोण, कधी, कोणत्या सुरात उच्चारी, ते मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी कॅनडातून एका मुलीचे पत्र आले. तिचा जन्म तिकडचाच. मराठी मोडकेतोडके. तिची पणजीच्या वयाची आजी शेवटच्या आजारात इंग्रजी विसरली, मग पुस्तकी मराठी विसरली, आणि नुसती मालवणी उरली. ती सारखी म्हणे, “माका मांगरात न्हेवा.” घरात कुणालाच ‘मांगर’ म्हणजे काय ते कळेना. कुणाला ते गावाचे नाव वाटले, कुणाला माणसाचे. मुलीने शोधता शोधता माझे पान गाठले. शेतात किंवा बागेत घरापासून दूर बांधलेली साधी खोपटी. तीत गवत, अवजारे, कधी गुरे. पावसात आसऱ्याची जागा, आणि पोरांची लपायची. मुलीने ते आजीच्या उशाशी बसून मोठ्याने वाचले. आजीने डोळे उघडले आणि मांगरासमोरच्या फणसाची हकिगत सांगितली. पुढे आठवड्याने आजी गेली. पत्राच्या शेवटी मुलीने एकच वाक्य लिहिले होते: ‘ती काय मागते आहे, एवढे तरी आम्हांला कळले.’

माझ्या पानांना रोज किती लोक भेट देतात, हे मी त्या दिवसापासून मोजलेले नाही.

एकट्याने चालवलेल्या उद्योगाची आपल्या भाषेला सवय आहे, आणि आमच्या जिल्ह्याला तर विशेष. देवगड तालुक्यातले पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीसेक वर्षांचे. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. 1834 पासून एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करून, बाकीचे शंभर व्याप सांभाळून त्यांनी ते 1840 पर्यंत चालवले. पुढे 1874 पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ जवळजवळ एकहाती लिहून काढली. त्या थोरांशी माझ्या चार पानांची बरोबरी करण्याइतकी मी खुळी नाही. पण लिहिणाऱ्याने छापणाऱ्याची आणि वाटणाऱ्याचीही भूमिका स्वतःच घ्यायची, ही रीत आपल्याकडे नवी नाही, एवढेच सांगायचे आहे.

‘मग फेसबुकवर लिहा की! फुकट आहे, माणसेही तिथेच आहेत,’ असे माझे विद्यार्थी सुचवतात. माणसे तिथे आहेत हे खरे. जत्रेतही माणसे असतात, म्हणून कुणी जत्रेत घर बांधत नाही. फुकटच्या जागेत आपण बिऱ्हाडकरू असतो आणि मालकाच्या मनात आले की बिऱ्हाड हलवावे लागते. 1994 मध्ये अमेरिकेत ‘जिओसिटीज’ नावाची एक वसाहत निघाली. कुणीही यावे, फुकट जागा घ्यावी आणि आपले पान मांडावे. तिला पेठा होत्या, घरांना क्रमांक होते. लक्षावधी हौशी माणसांनी तिथे आपल्या मांजरांची चित्रे, प्रवासवर्णने आणि पाककृती मांडल्या. 1999 मध्ये ती याहू कंपनीने विकत घेतली आणि 2009 च्या ऑक्टोबरात तिला टाळे लावले. आपल्याकडच्या तरुणांचे लाडके ‘ऑर्कुट’ही 2014 च्या सप्टेंबरअखेर मिटले. मुलांनी तिथे केलेल्या मैत्रीच्या आणाभाका आता त्यांच्या स्वतःच्याही हाती नाहीत.

स्वतःच्या खळ्यातून असे कुणी उठवीत नाही. मात्र तिथे सारवणही आपल्यालाच घालावे लागते, आणि या छंदाचा दैनंदिन भाग म्हणजे मुख्यतः सारवण. रविवारी सकाळी मासळी साफ करून हात धुतले, की मी तासभर बसते. एखादा दुवा तुटलेला असतो. एखाद्या चित्राखालची ओळ चुकलेली असते. कुणा वाचकाने कळवलेले असते, की ‘वेंगुर्ल्याकडे याला वेगळेच म्हणतात’. मग ते वेगळे लिहून घ्यायचे आणि आमच्या शब्दाशेजारी मानाने बसवायचे. घरातली मंडळी याला ‘आईची पूजा’ म्हणतात. पूजेइतकाच यालाही मोबदला नाही, आणि पूजेसारखेच हेही चुकवले तर दिवसभर चुकचुकल्यासारखे होते.

पण एक गोष्ट मला अलीकडे सतावते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. माड मोडले, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक दिवस वाड्या काळोखात होत्या. त्या दिवसांत माझी पाने मात्र परदेशातल्या यंत्रावर सुखरूप होती. मला दिसत नव्हती, जगाला दिसत होती. वादळाने त्यांचे काही बिघडले नाही. त्यांचे बिघडेल ते एका वर्षी मी भाडे भरायचे राहिले तर. पाटी उतरेल, काही दिवसांनी ती दुसरा कुणी विकत घेईल, आणि ‘मांगर’ शोधत आलेल्या नातवंडाला तिथे बुटांची जाहिरात दिसेल. अमेरिकेतले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे ग्रंथालय 1996 पासून जगातली पाने जमेल तशी साठवत आहे. माझीही काही त्याच्या पदरात पडली आहेत. पण दुसऱ्याच्या मांडवात ठेवलेल्या पाटावर किती भिस्त ठेवायची?

कोकणातल्या माणसाला हे कुणी समजावून द्यायला नको. आमच्या गावांत चौसोपी घरे कुलूपबंद आहेत. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा दारे उघडतात. ज्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे असते, ते उभे राहते. ज्याची मुंबईला जाते, त्याच्यात पावसाळ्यागणिक वाळवी चढते. भिंती चिऱ्याच्या असोत की विजेच्या लहरींच्या, राखणदार हवाच.

म्हणून यंदा मी तीन गोष्टी केल्या. सगळी पाने कागदावर छापून, बांधून, एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात दिली. दुसरे, पाटीचे भाडे एकदम दहा वर्षांचे भरून टाकले. आणि तिसरे, किल्ल्या सांगितल्या. माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी प्रत्येकी आपल्या वाडीचे एक पान लिहिले आहे. त्यांतल्या एका मुलीने, वडील रापणीवर जातात तिच्या, दोरीच्या प्रत्येक गाठीचे नाव लिहून आणले. त्यांतली निम्मी नावे मी जन्मात ऐकली नव्हती. तिला मी सारे परवलीचे शब्द लिहून दिले. तिने ते वहीत न ठेवता पाठ केले आणि म्हणाली, “मॅडम, वहीक वाळवी लागता.”

जांभेकर 1846 मध्ये ऐन तारुण्यात गेले. त्यांचे लेखन आज आपल्याला वाचता येते, कारण मागच्यांनी अंक जपले, बांधले, आणि ग. गं. जांभेकरांनी 1950 मध्ये त्यांचे चरित्र व लेखसंग्रह पुण्याहून प्रसिद्ध केले. ‘दर्पण’ यंत्राने काढला, पण टिकवला माणसांनी.

वाचकहो, फराळाची ताटे पुढे आली, की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एक शब्द विचारा. असा शब्द, जो तुम्ही स्वतः कधी वापरत नाही. तो कुठला, कुणाचा, केव्हाचा, तेवढे लिहून घ्या. वेबसाइट हवीच असे नाही; शाळेची वही चालेल. आणि ती कुठे ठेवली आहे, ते घरातल्या सर्वांत लहान माणसाला सांगून ठेवा.