घातांक ओळीवर उतरला तर?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्याचा पीएच सुमारे १० आहे. म्हणजे दर लिटरमध्ये हायड्रोजन आयनांचे प्रमाण १० चा −१० वा घात इतके मोल. प्रश्नपत्रिका टंकताना हा घातांक ओळीवर उतरला, की उरते ‘१०-१०’. विद्यार्थी वजाबाकी करून शून्य लिहितो. चूक मात्र त्याची नसते!

वर्डमध्ये आपण घातांक निवडून कंट्रोल, शिफ्ट व अधिक या कळा एकत्र दाबल्या, की तो वर चढतो. वजाचिन्ह चिन्हांच्या यादीतून घ्यावे. जोडरेघ वापरल्यास तेथे ओळ तुटून अंक खाली जाऊ शकतो. निव्वळ मजकूर म्हणून दुसरीकडे चिकटवल्यास ही मांडणी पुसली जाते. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्येक घातांक पुन्हा पाहावा, असे आम्ही सुचवतो.