जादू दाखवा, मग उकलून दाखवा

दिवाळीच्या सुट्टीत चार घरची माणसे एकत्र जमली, की मुलांचा आग्रह सुरू होतो, ‘काहीतरी करून दाखवा ना!’ विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची तर यातून सुटकाच नसते. जादूचे तयार संच बाजारात मिळतात, पण त्यांची गरज नाही. काचेचा पेला, एक नाणे, साबणाची वडी, हळद आणि चुना एवढ्या साहित्यात अर्ध्या तासाचा कार्यक्रम सहज होतो. येथे तीन प्रयोग देत आहे. तिन्ही मी घरी आणि वर्गात अनेकदा केले आहेत. त्यांतला एक चारचौघांत फसला, आणि एकाने मलाच धडा शिकवला.

१. नाहीसे होणारे नाणे

साहित्य : सपाट बुडाचा, उभ्या बाजूंचा साधा काचेचा पेला (नक्षीचा नको), नाणे, बशी, पाणी.

कृती : टेबलावर नाणे ठेवा. त्यावर रिकामा, बाहेरून कोरडा पेला ठेवा. काचेतून नाणे स्पष्ट दिसते. आता पेला काठोकाठ भरून वर बशी झाका. समोर बसलेल्यांना नाणे दिसेनासे होते. पेला उचलला, की नाणे जागच्या जागी!

मी हा प्रयोग घरी पहिल्यांदा केला तेव्हा पेला नुकताच विसळून आणलेला होता. पाणी ओतले, मंत्र म्हटला, पण नाणे आपले चकचकीत दिसतेच आहे! मुले हसू लागली. माझ्या धाकट्या पुतणीने पेला रिकामा करून त्याचे बूड फ्रॉकला पुसले, पुन्हा ठेवून पाणी ओतले, आणि नाणे गायब झाले. फसलेल्या प्रयोगाचे कारण तिने शोधले होते, आणि जादूचे रहस्यही त्यातच होते.

का होते? पेल्याचे बूड आणि नाणे यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. नाण्याकडून येणारा प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना अपवर्तनामुळे उभ्या दिशेकडे वळतो. तो कितीही तिरपा आला, तरी पाण्यात शिरल्यावर उभ्या रेषेशी त्याचा कोन ४९ अंशांपेक्षा जास्त होत नाही. असा चढा किरण पेल्याच्या बाजूवर आदळतो आणि बहुधा बाहेर न पडता आतच परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. जे थोडे किरण बाजूने निसटतात ते इतके चढे असतात, की बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. उरलेला प्रकाश वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडतो, म्हणून तर बशी झाकायची. बूड ओले असेल तर हवेचा थर राहत नाही. मग तिरपे किरण तसेच पाण्यात शिरतात, बाजूने बाहेर पडतात, आणि नाणे दिसते.

आता मी हा प्रयोग मुद्दाम दोन्ही प्रकारे करतो. आधी नाणे घालवायचे, मग पेल्याखाली चार थेंब पाणी सोडून परत आणायचे. चार थेंबांनी काय बदलले, हे मुलांनाच शोधू द्यावे.

२. राखेतून उमटणारा आकडा

साहित्य : साबणाची वडी, कागद, पेन्सिल, थाळी, काड्यापेटी.

तयारी : साबणाच्या वडीचा कोपरा ओला करून हाताच्या आतल्या बाजूवर १०८९ हा आकडा लिहा. वाळू द्या आणि बाही खाली ओढा.

कृती : घरातल्या कोणालाही तीन अंकी संख्या मनात धरायला सांगा. पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. समजा ७४२. ती उलटी करून (२४७) मोठीतून लहान वजा करावी : ४९५. हे उत्तर उलटे करून (५९४) त्यातच मिळवावे : १०८९. वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी लिहायला सांगा. हिशेबाचा कागद मोठ्या माणसाने थाळीत जाळावा. राख पूर्ण थंड झाली की चिमूटभर घेऊन हातावर चोळा आणि फुंकर मारा. साबणाच्या चिकट थरावर राख धरते, बाकीची उडून जाते, आणि काळ्या अक्षरांत १०८९ उमटते. ही कृती आधी एकट्याने दोन-तीनदा करून पाहा. साबण जास्त झाला तर आकडा आधीच दिसतो, कमी झाला तर राख धरत नाही.

का होते? संख्या कोणतीही घ्या, वजाबाकी नेहमी ९९ च्या पटीत येते, कारण शतक आणि एकक स्थानच्या अंकांची अदलाबदल झाली, की फरक ९९ गुणिले त्या दोन अंकांतील फरक इतका असतो. ०९९, १९८, २९७, … ८९१ अशा या नऊच वजाबाक्या आहेत. प्रत्येकीचा मधला अंक ९ आहे, आणि पहिल्या व शेवटच्या अंकांची बेरीजही ९ आहे. म्हणून उलटी संख्या मिळवली की शतकस्थानी ९, दशकस्थानी १८, एककस्थानी ९, म्हणजेच ९०० + १८० + ९ = १०८९. नववीच्या विद्यार्थ्यांना ही सिद्धता अक्षरे घेऊन स्वतः मांडता येते.

३. पिवळ्याचे लाल

साहित्य : हळद, पांढरा कागद, खायचा चुना किंवा धुण्याचा सोडा, लिंबू.

कृती : हळद पाण्यात कालवून कागदाला लावा आणि कागद वाळवा. चुना पाण्यात ढवळून खाली बसू द्या आणि वरची निवळी घ्या. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि प्रयोगानंतर हात धुवा.) निवळीत काडी बुडवून पिवळ्या कागदावर लिहा. रंग नसलेल्या पाण्याने लाल अक्षरे उमटतात. त्यांवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होतात.

का होते? हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य नैसर्गिक दर्शक आहे. ते आम्लात पिवळे राहते आणि आम्लारीत लालसर तपकिरी होते.

हा प्रयोग मी घरी केला त्या संध्याकाळी माझी आत्या मागे पाटावर बसली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, ती मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, “पुन्हा कर बघू.” मी केले. मग तिने सांगितले, की काही वर्षांपूर्वी घरात आजारपण असताना एका बाबाने हळद लावलेल्या दोऱ्यावर ‘तीर्थ’ शिंपडले होते. दोरा लाल झाला. “रक्त आहे, घरावर करणी आहे,” असे सांगून त्याने उताऱ्यासाठी पैसे नेले होते. आत्याने पानाचा डबा उघडला, बोटभर चुना घेतला आणि स्वतःच कागदावर रेघ ओढली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, “अरे, मुरगळलेल्या पायाला हळद-चुना लावतो तेव्हा असाच लाल होतो की! जन्मभर बघतेय मी हे.”

तिचे म्हणणे अगदी खरे होते. माहिती तिच्या हातात होती, पण भीतीच्या त्या क्षणी ती आठवली नाही. ज्ञान असणे आणि ते वेळेवर वापरता येणे यांत अंतर आहे. ते अंतर कमी करण्याचे काम शाळेचे आहे.

जादूगाराचे नियम आणि आपले

जादूगार दोन नियम पाळतो. एकच खेळ त्याच प्रेक्षकांपुढे लगेच पुन्हा करायचा नाही, आणि रहस्य सांगायचे नाही. करमणुकीच्या धंद्यात ते योग्यच आहे. ‘ही हातचलाखी आहे’ असे सांगून तिकीट लावणारा कलावंत कोणाला फसवत नाही. फसवतो तो तीच हातचलाखी दैवी शक्ती म्हणून विकणारा. हा फरक जुना आहे. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटकिणींच्या समजुतीविरुद्ध पुस्तक लिहिले, तेव्हा त्यात नाण्यांचे आणि पत्त्यांचे खेळ कसे करतात हेही समजावून दिले होते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायदा तक्रार झाल्यावर कामाला लागतो. त्याआधी लागते ती ‘पुन्हा कर बघू’ म्हणण्याची सवय.

म्हणून शिक्षकाने जादूगाराचे दोन्ही नियम उलटे करावेत. प्रयोग पुन्हा पुन्हा करावा, मागेल त्याच्या हाती द्यावा, आणि शेवटी रहस्य उघड करावे. मात्र लगेच नाही. आधी मुलांना तर्क करू द्या, त्यांचा तर्क करून पाहू द्या, चुकू द्या. नाणे का दिसेना याचे उत्तर आपण पहिल्याच मिनिटाला दिले असते, तर पेल्याचे बूड पुसण्याची कल्पना पुतणीला सुचलीच नसती.

रहस्य कळले की मजा जाते, असे काहीजण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पुढच्या सुट्टीत हेच खेळ पुतणीने केले आणि मी प्रेक्षकांत बसलो. आणि आत्या? ती आता शेजारणींना कागदावर हळद-चुन्याची रेघ ओढून दाखवते, आणि कारणही सांगते.